चार पायऱ्या कोरड्या

आमच्या ऑफिसात अमावास्या-पौर्णिमेला उपास करणारे दोघे होते आणि जेवण अडवून बसणारे एक. ते एक म्हणजे परकारसर. डबा उघडलेला, पोळीचा पहिला तुकडा मोडलेला आणि शेजारी फोन ठेवलेला. फोन वाजेपर्यंत तो तुकडा तोंडात जात नसे. मी नवी होते. मला वाटलं, माणूस श्रद्धाळू दिसतोय. तसं बोलूनही दाखवलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो केतकर, समुद्राच्या पातळीवर काम करायला आलात ना? मग अमावास्येला काय होतं ते समुद्राला विचारा. मला काय विचारता?"

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी येते. कोकणात तिला उधाण म्हणतात, आणि सरांच्या गावच्या खाडीत ते पाणी नेमकं आमच्या जेवणाच्या सुट्टीत चढायचं. गावी, खाडीकाठच्या घरात सरांची थोरली बहीण एकटी राहत होती. सर तिला आपा म्हणत, म्हणून आम्हीही आपाच म्हणायचो. घरामागे खाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. उधाणाचं पाणी चढलं की वर किती पायऱ्या कोरड्या राहिल्या एवढं ती फोनवर सांगायची. सर फोन कानापासून वीतभर लांब धरत, त्यामुळे तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येई. "युसूफ, चार पायऱ्या कोरड्या. वर दोन बोटं. जेवलास काय?" सर वहीत लिहीत आणि मग जेवायला लागत.

त्या वह्या बघण्यासारख्या होत्या. सर कॉलेजसाठी गावाहून कसबा पेठेत मामाकडे आले आणि कायमचे तिथलेच झाले. मामांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. त्यामुळे सरांच्या वह्या घरच्या, कापडी पुठ्ठ्याच्या, जाड दोऱ्याने शिवलेल्या. प्रत्येक पानावर उजवीकडे एक रुंद रकाना, त्याच्या डोक्यावर 'कारण'. नोंद चुकली तरी खोडायची नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला, तर त्यांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. "चूक करायला हरकत नाही. पण ती का झाली हे शेजारी लिहा. खोडलंत तर पुढच्या माणसाला वाटेल की आपण फार हुशार होतो."

आमचं काम सांगायला सोपं आहे. उपग्रह वरून समुद्राकडे लहरी सोडतो, त्या पाण्यावर आपटून परत जातात, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून पाण्याची उंची कळते. तीच जागा पुन्हा पुन्हा मोजत राहिलं की समुद्र केसाएवढा वाढला तरी दिसतो. नवा उपग्रह सुटला की कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर सगळे टाळ्या वाजवत. सर चहा संपवत म्हणत, "वर गेला, चांगलं झालं. आता त्याला खाली बघायला शिकवा." समुद्रवाढीची बातमी आली की पत्रकारांचे फोन येत. एकाने फार घाईने विचारलं, "सर, मुंबई नक्की कधी बुडणार?" सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मंगळवारी. तीन ते चारच्या दरम्यान. घेताय ना लिहून?" नंतर मात्र त्या मुलाला समोर बसवून दीड तास सगळं समजावून सांगितलं.

एवढ्या सगळ्या शास्त्रात एक भोक होतं. किनाऱ्याजवळ उपग्रहाला जमीन आणि पाणी एकमेकांत मिसळलेलं दिसतं. म्हणून तिथले आकडे आम्ही टाकून देतो. नकाशावर सगळा समुद्र रंगीत असतो आणि किनाऱ्यालगत एक बारीक पांढरी किनार राहते. सर तिला कोरा पट्टा म्हणत. त्यावर बोट ठेवून एकदा म्हणाले, "आपलं गाव या पांढऱ्यात आहे. जिथे माणसं राहतात तिथेच नेमकं आपल्याला काही दिसत नाही." म्हणून आपाचा फोन. "फोटो का नाही मागवत?" मी विचारलं होतं. सर चक्क रागावले. "उपग्रहाचा आकडा मी तीनदा तपासतो. आपाचा शब्द एकदा ऐकतो. तिने मला वाढवलंय."

पायऱ्यांना पांढऱ्या रंगाने क्रमांक घालून आले त्या दिवशीच सरांनी बहिणीला एक अट घातली होती. उधाणाला दोनच पायऱ्या कोरड्या राहायला लागल्या की तिने घराला कुलूप लावायचं आणि पुण्याला यायचं. आपा म्हणाली होती, "बरं बाबा, येईन." हे सर मोठ्या समाधानाने सांगत. कसब्यातल्या घरात तिच्यासाठी खिडकीजवळची खोली त्यांनी रंगवूनही ठेवली होती.

मी आपाला एकदाच भेटले. एका बंदरातलं भरतीमापक यंत्र तपासायला सर आणि मी कोकणात गेलो होतो. परतताना मुक्काम त्यांच्या घरी. तो अष्टमीचा दिवस होता. अष्टमीच्या सुमारास भरती अगदी अशक्त असते, कोकणात तिला भांग म्हणतात. सकाळी सर आंघोळीला गेले आणि मी मागच्या दारी आले, तर आपा नारळाच्या सोडणाने पायऱ्या घासत बसली होती. सत्तरीची बाई, गुडघे दगडावर टेकलेले. वरच्या दोन पायऱ्या सोडल्या तर खाली सगळीकडे हिरवं शेवाळ होतं, आणि ते ती खरवडून काढत होती. तिसरी पायरी निम्मी स्वच्छ झाली होती. माझं कामच ते. शेवाळ दिसलं आणि उधाणाला आता दोनच पायऱ्या कोरड्या राहतात हे एका क्षणात समजलं.

"आपा, पाणी इथवर येतं?"

तिने मान वर केली. घाबरली नाही, फक्त दमल्यासारखी दिसली. "काल संध्याकाळी संपवायची होती गं. हात चालत नाय आता." मग ओला हात पदराला पुसत मला जवळ बसवलं. "आता बगितलंस तर गप ऱ्हा. त्याला कळलं तर उचलून पुण्याला नेईल मला. मी गेले तर अम्मीजवळ कोन?" तिने खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे कब्रस्तानाची भिंत होती आणि भिंतीचा खाडीकडचा कोपरा पाण्यात ढासळला होता. "दर उधाणानंतर जाते. माती लोटते. माझ्याशिवाय कोन लोटनार? वचन दे."

मी वचन दिलं. त्या क्षणी मला ते फार हळवं आणि सुंदर काहीतरी वाटलं. आज त्याची शरम वाटते. आपाने चौथ्या पायरीपर्यंतचं शेवाळ घाईने खरवडून संपवलं, तेवढ्यात सर केस पुसत बाहेर आले आणि पायऱ्यांकडे बघून मला म्हणाले, "बघा केतकर, पायऱ्या कशा लख्ख ठेवते. आणि तुमची टेबलं बघा!"

पुढची दोन वर्षं मी गप्प राहिले. पहिल्या वर्षी ते सोपं होतं. दुसऱ्या वर्षी सरांनी आपाच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी आलेखावर मांडल्या आणि त्याशेजारी उपग्रहाची, गावासमोरच्या खोल समुद्राची रेष काढली. उपग्रहाची रेष चढत होती. आपाची रेष सपाट होती. सरांना झोप लागेना. जमीन उचलली जातेय का? खाडीचं तोंड बुजतंय का? आपण उपग्रहाचं गणित चुकवतोय का? महिनाभर त्यांनी आमचंच सगळं काम उकलून पुन्हा केलं. एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "माणूस चुकतो तेव्हा आकडे उड्या मारतात. आपाचे आकडे बघा, एकही उडी नाही. म्हणजे ती बरोबर आहे. चुकतंय ते आपलंच." मी मान डोलावली. तेव्हा बोलले असते तर पुढचं टळलं असतं का, मला माहीत नाही. पण तेव्हा बोलायला हवं होतं, एवढं मला नक्की माहीत आहे.

नारळी पौर्णिमेचा दिवस होता. मी सगळ्यांसाठी नारळीभात नेला होता. सरांनी पोळीचा तुकडा मोडला आणि फोनची वाट बघत बसले. एक वाजला. दीड वाजला. भात गार झाला. सरांनी दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. पावणेतीनला फोन वाजला तो आपाचा नव्हता, शेजारच्यांचा होता. सकाळी अकराला आपाच्या छातीत दुखू लागलं होतं. रिक्षा बोलावली, पण रस्त्यावर गुडघाभर पाणी. ओहोटी लागेपर्यंत रिक्षा आत येऊ शकली नाही, आणि तोवर आपा गेली होती.

सर फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रस्त्यावर? रस्त्यावर पाणी कसं येईल? चार पायऱ्या कोरड्या आहेत."

आठवड्याने ते कामावर आले. आईशेजारची जागा आपाला मिळाली नव्हती. खालच्या कब्रस्तानात खणेल तिथे पाणी लागत होतं, म्हणून तिला टेकडीवर दफन केलं. सर खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं ती मला अष्टमीच्याच आसपास बोलवायची. कधी आंब्यांसाठी, कधी कुणाच्या लग्नासाठी. मी दर वेळी भांगातच गावी गेलो, केतकर. आणि पोरांना भरतीचं शास्त्र शिकवतो मी!" मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं. शेवाळ, सोडण, ढासळलेली भिंत, वचन.

"किती दिवसांपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"कुठे नोंद केलीत?"

"नाही."

"करायला हवी होती," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. त्यांच्याकडून मला मिळालेली शिक्षा एवढीच. ओरडले असते तर मी सुटले असते. पण त्या दिवसापासून त्यांनी मला 'अहो केतकर' म्हणायचं सोडलं. "आपण हा आलेख पाहिलात का?" "आपल्याला वेळ आहे का?" पुण्यात वाढलेय मी. त्या 'आपण'चं अंतर किती असतं ते मला कळतं.

निवृत्त होईपर्यंत ते त्याच खाडीमागे लागले होते. गाळ किती साठला, मुखाशी वाळूचा दांडा कसा सरकला आणि उरलेली वाढ समुद्राची किती, हे सगळं त्यांनी वेगळं करून दाखवलं. अमावास्या-पौर्णिमेला मात्र ते डबाच आणत नसत. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. मी कसब्यात भेटायला गेले तेव्हा भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला खिडकीजवळच्या त्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर कुणी कधी झोपलेलं दिसत नव्हतं. त्यावर कागदात बांधलेली एक वही होती. "तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती," भाभी म्हणाल्या.

आपाच्या नोंदींची वही. मी तिथेच बसून ती चाळली. चार पायऱ्या कोरड्या, चार पायऱ्या कोरड्या, पानामागून पान, आणि एकही आकडा खोडलेला नव्हता. पण उजवीकडचा रकाना नंतर, नव्या शाईने भरलेला होता. आपाच्या पहिल्या खोट्या नोंदीशेजारी, जी कुठली असावी हे त्यांनी बहुधा गणिताने शोधून काढलं होतं, लिहिलं होतं: 'नोंद सांगणारीला आईला सोडायचे नव्हते.' त्याखाली पानंच्या पानं नुसत्या 'सदर'च्या, म्हणजे कारण तेच, अशा खुणा. मग मी गेले होते त्या अष्टमीची तारीख आली. ती उधाणाची नव्हती, म्हणून तिथे मुळात नोंदच नव्हती. दोन ओळींच्या मधे जागा करून सरांनी ती घातली होती. 'केतकर यांनी शेवाळ पाहिले. सांगितले नाही.' मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लक्षात आलं की खाली आणखी एक ओळ आहे, लहान अक्षरात.

'त्या दिवशी धुतलेल्या पायऱ्या मीही पाहिल्या. त्या का धुतल्या, हे मी विचारले नाही. अहो केतकर, दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्यात.'