पुनम मॅडमची खाली बसलेली गाडी

मी पुनम मॅडमकडे गाडी शिकायला गेलो तेव्हा त्यांना हे काम करून दहा वर्षं होत आली होती. नांदेडच्या कौठ्यात त्यांचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाळा, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि बाहेर एक पांढरी गाडी, बस एवढंच. नवरा भागवत एसटीत चालक, निम्मा महिना कुठल्या तरी गावी मुक्कामाला. त्यामुळे स्कूल मॅडम आणि त्यांचा धाकटा दीर विनोद असे दोघं मिळून बघत. फॉर्म, फोटो, आरटीओच्या चकरा विनोदकडे. शिकवायचं काम मॅडमचं.

सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि परत दुपारी चार ते सात, त्या शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या सीटवर बसलेल्या असत. पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक. त्या म्हणायच्या, "घरी भाजी चिरायला बसले तरी माझा डावा पाय काही तरी दाबूनच राहतो."

त्यांच्याकडे दोघांची जोडी असे. एकानं चालवायची, दुसऱ्यानं मागं बसून बघायचं, अर्ध्या तासानं अदलाबदल. माझ्या जोडीला नीलाबाई होत्या. छप्पन वर्षांच्या, अंगणवाडी सेविका. मुलगा हैदराबादला नोकरीला गेला आणि त्याची जुनी गाडी यांच्या अंगणात झाकून ठेवलेली राहिली. मालकांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, नजर साखरेनं गेल्यासारखीच. गाव उमरीकडचं, आणि दर महिन्याला एकदा तरी तिकडं जावं लागे.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, मला कुठं हायवेवर उडायचं न्हाई. ह्यांना घेऊन उमरीला जायचं अन् परत यायचं. तेवढं शिकवा."

त्या सावकाश शिकत होत्या, पण शिकलेलं विसरत नव्हत्या. बाराव्या दिवशी त्यांनी न सांगता तिसरा गिअर टाकला. मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या. ते मॅडमचं मोठं कौतुक असे. नीलाबाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

त्याच आठवड्यात देगलूरहून फोन आला. मॅडमचे वडील गेले होते. त्या तातडीनं निघून गेल्या आणि तेरावं उरकूनच परतल्या. तेवढे दिवस क्लास बंद होता.

परत सुरू झाला त्या सकाळी आम्ही दोघं वेळेवर पोचलो. गाडी नेहमीच्या जागी उभी होती, पण वेगळी दिसत होती. टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा असते, ती गेली होती. भरपूर माणसं कोंबून बसवल्यासारखी गाडी खाली बसली होती आणि आत तर कोणीच नव्हतं.

विनोद खुशीत होता. "वहिनी, लातूरला नेऊन वीरेशच्या गॅरेजातून करून आणली. चारी स्प्रिंगची दोन-दोन वेटोळी कापली. बघा, कशी रोडला चिकटली. कॉलेजची पोरं आता आपल्याकडंच येतेत का न्हाई बघा."

मॅडमनी गाडीभोवती एक फेरी मारली. डोळे खोल गेलेले होते. "मला विचारायचं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तिकडं होता. त्या टायमाला काय विचारणार?"

मॅडम डाव्या सीटवर जाऊन बसल्या आणि नीलाबाईंना म्हणाल्या, "चला, चालू करा." पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "तेरा दिवस रडून अन् रांधून आले होते. भांडायलाबी अंगात जीव लागतो, भाऊ."

शाळेजवळचा पहिला गतिरोधक आला. नीलाबाईंनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. वेग कमी, क्लच, पहिला गिअर, हळूच पुढे. तरी पोटाखालून खर्रर्र आवाज आला. मागं बसलेल्या माझ्या माकडहाडापर्यंत तो पोचला. नीलाबाई दचकल्या आणि गाडी बंद पडली.

"काय तुटलं का, मॅडम?"

"काही न्हाई. चालू करा."

पुढच्या गतिरोधकावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. चौथ्याला नीलाबाई वीस पावलं आधीच ब्रेक दाबून थांबल्या. मागं ऑटो खोळंबले, भोंगे सुरू झाले. एक मोटारसायकलवाला बाजूनं जाताना काचेशी वाकून म्हणाला, "मावशी, घरी बसा की." नीलाबाईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. उतरताना त्यांनी वाकून गाडीच्या खाली बघितलं, काही दिसलं नाही तरी पुन्हा बघितलं.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मॅडमनी फोन लावला. आवाज मोठा असल्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. माझ्या हातानं तुमची गाडी खराब होऊन राहिली. रोज खालून फाटल्यासारखा आवाज. मला रात्री झोप न्हाई."

मॅडमनी बाहेरच्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "विचार करा. घाई न्हाई." आणि फोन ठेवला.

मीही काही बोललो नाही. गाडी कापलेली आहे हे मलाही दिसत होतं.

पुढचे दिवस मी एकटाच होतो. गाडी सरळ रस्त्यावरही उसळायची आणि डावीकडे ओढायची. गतिरोधक आला की मॅडम आता म्हणू लागल्या, "कडेनं घ्या, तिथं जागा हाय." बऱ्याच ठिकाणी गतिरोधकाच्या शेवटी, नालीजवळ, हातभर सपाट जागा सुटलेली असते. तिथून गाडी काढायची, एक बाजू तरी वाचते. मला ते आवडायला लागलं होतं. एका सकाळी मी तसाच कडेला वळलो आणि नालीच्या बाजूनं येणारा सायकलवाला मला दिसलाच नाही. गाडी जागच्या जागी थांबली. मॅडमनी त्यांच्या पायानं ब्रेक दाबला होता. सायकलवाला शिवी देऊन गेला.

मॅडमनी मला इंजिन बंद करायला सांगितलं. आम्ही तिथंच बसून राहिलो. "दहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "कुणाला कडेनं घाला म्हणून सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं शिकवून राहिले."

स्कूलचं लायसन दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावं लागतं. त्यासाठी त्याच महिन्यात मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. शांत माणूस. त्यांनी तक्ता बघितला, रजिस्टर बघितलं आणि बाहेर येऊन पुढच्या टायरवर बोटं घालून बघायला गेले. बोटं गेली नाहीत.

"स्प्रिंग कधी कापल्या?"

विनोद पुढं झाला. "साहेब, दिसायला बरी दिसते म्हणून. सगळेच करायलेत."

"नोंदणीच्या कागदावर गाडी जशी हाय, कंपनीनं जशी दिली, तशीच पाहिजे. परवानगीशिवाय असा बदल चालत नसतो. कलम बावन्न. मालकावर केस होते."

"मग हे जादा क्लच-ब्रेक? तोबी बदलच की."

निरीक्षकांना राग आला नाही. "शिकवायच्या गाडीला ते नियमानंच लागतेत. ते नसते तर मी त्याच्यासाठीच सही अडवली असती. स्प्रिंग कापा म्हणून कोणता नियम सांगतो? उद्या कुठं धडकली तर विमावाला आधी ह्याच्यावर बोट ठेवील. आत शिकणारं माणूस बसलेलं असतंय." मग ते मॅडमकडे वळले. "तुम्ही लोकांना शिकवता. तुम्हाला मी काय सांगावं? मूळ करून आणा, मग सही करतो."

मॅडम मान हलवून "हाव" म्हणाल्या. निरीक्षक गेल्यावर त्या पायरीवरच बसल्या.

गाडी जुन्या मोंढ्याजवळ किशनराव मिस्त्रींकडे नेली. मीही बरोबर होतो. किशनरावांनी ती वर उचलली आणि बॅटरी मारून एकेक दाखवत गेले. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजलेली. बाहेरून बघणाऱ्याला टायर नवे वाटावेत. एका शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरवर ओरखडेच ओरखडे.

"अजून महिना चालवली असती तर चेंबर फुटलं असतं," ते म्हणाले. "स्प्रिंगला दबायला जागाच ठेवली न्हाई. मग सगळा मार शॉकवर अन् माणसाच्या कमरेवर."

"कापलेला तुकडा जोडून देता येतो का?" विनोदनं विचारलं.

"वेल्डिंग मारून देणारे हायेत. मी देत नसतो. नव्याच टाकाव्या लागतील."

विनोदनं तिथूनच लातूरला वीरेशला फोन लावला आणि बराच वेळ ऐकत राहिला. फोन खिशात ठेवून तो मॅडमपाशी आला. "तो म्हणतो, गाडी कशासाठी वापरता म्हणून त्यानं विचारलं होतं. शिकवायची हाय हे मी त्याला सांगितलंच न्हाई." थोडं थांबून तो म्हणाला, "चुकलं, वहिनी."

"हं," मॅडम म्हणाल्या. हे कौतुकाचं "हं" नव्हतं, पण रागाचंही नव्हतं.

नव्या स्प्रिंगा यायला सहा दिवस लागले. निरीक्षकांची सही झाली. त्याच संध्याकाळी मॅडम मला म्हणाल्या, "नीलाबाईंचं घर तुम्हाला ठाऊक हाय ना? चला."

नीलाबाई दारातच डाळ निवडत होत्या. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, पण मॅडम उभ्याच राहिल्या.

"नीलाबाई, गाडी खालून घासत होती ती तुमच्यामुळं न्हाई. गाडीच कापून खाली बसवलेली होती. तुमचं काही चुकत नव्हतं."

नीलाबाईंचा हात सुपात थांबला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"मग फोनवर का न्हाई म्हणालात?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणायचं होतं. घरातलं बाहेर काढावं लागलं असतं. अन् खरं सांगते, त्या दिवशी बोलायचाच कंटाळा आला होता."

नीलाबाई अंगणाकडे बघत राहिल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं. तिथं झाकलेली गाडी नव्हती. फरशीवर तेलाचे जुने डाग तेवढे होते.

"मी ह्यांना म्हणाले, आता ह्या वयात जमत न्हाई मला. मग त्यांनी पोराला फोन केला. त्यानं गिऱ्हाईक बघून दिलं. गेल्या सोमवारी नेली."

आतून मालकांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"ड्रायव्हिंगच्या मॅडम," नीलाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मॅडम मग सतरंजीवर बसल्या. चहा घेतला. निघताना मॅडम म्हणाल्या, "तुमचे नऊ दिवस राहिलेत. या."

"गाडीच न्हाई तर शिकून काय करू?" त्या म्हणाल्या.

तरी पंधरा दिवसांनी एका सकाळी त्या आल्या. अर्धवट सोडलेलं डोक्यात घोळतं, एवढंच म्हणाल्या. पहिल्या गतिरोधकाला त्यांचे खांदे वर गेले. गाडी आवाज न करता पलीकडे उतरली. त्यांनी श्वास सोडला, पण हसल्या नाहीत. नऊ दिवस त्यांच्यात आणि मॅडममध्ये कामापुरतंच बोलणं झालं. परीक्षेत आम्ही दोघंही एकाच दिवशी पास झालो.

विनोद अजून स्कूलचे कागद बघतो. आता गाडीचं काही करायचं तर आधी विचारतो. मॅडमकडे सध्या समीक्षा नावाची एक मुलगी शिकते आहे, ती जरा जोरात चालवते असं त्या सांगत होत्या.

लायसन हातात आलं त्या दिवशी मॅडम नीलाबाईंना म्हणाल्या होत्या, "उमरीला जायचं असलं की माझी गाडी न्या. रविवारी ती उभीच असते."

नीलाबाई "बरं" म्हणाल्या. त्याला आता वर्ष होत आलं. त्यांनी गाडी एकदाही मागितली नाही, आणि मॅडमही दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.