टोपलीचं पाणी

रंजूच्या लॅपटॉपवर दिवसभर वेड्यावाकड्या रेघा चालतात, हे अड्याळ गावात तिच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या कशाच्या आहेत हे तिने सांगूनही कुणाला पटलेलं नाही. शेजारच्या शकुनबाईंनी एकदा दारातूनच विचारलं, "शेअर मार्केट आहे ना व थे? माह्या भाच्याच्या मोबाइलात असेच डोंगर दिसत. डुबला थो."

"तारे आहेत काकू."

"ताऱ्यायचे असे डोंगर रायतेत काय? मले नोको शिकवू."

रंजूला राग आला नाही. संशय घेणारी माणसं तिला आवडतात. ती त्यांतलीच आहे.

पुण्याच्या एका संस्थेत ती पीएचडी करते, सध्या घरून. एक मोठी दुर्बीण एकाच वेळी हजारो ताऱ्यांचा प्रकाश काचेच्या बारीक तंतूंतून घेते आणि तो रंगांत फोडून प्रत्येकाचा वर्णपट काढते. त्यांतले अतितप्त तारे संगणक निवडतो. निवड खरी आहे का, हे रंजू तपासते. धुळीमागचा तप्त ताराही तांबूस दिसतो, म्हणून रंगावर तिचा भरवसा नाही. फक्त तप्त ताऱ्यांच्या वर्णपटात उमटणाऱ्या हेलियमच्या रेषा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

गेल्या महिन्यात एका ताऱ्याची हायड्रोजनची रेष खाली खचण्याऐवजी सुळक्यासारखी वर आलेली दिसली. दुसऱ्या, जुन्या दुर्बिणीने काढलेल्या वर्णपटात ती तशी नव्हती. म्हणजे ताऱ्याभोवती वायूची चकती नव्याने तयार झाली असावी. मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. "पहिला शोधनिबंध, पहिलं नाव तुझं. शुक्रवारी पाठवू." शिष्यवृत्ती संपत आली होती आणि रंजूच्या नावावर अजून एकही निबंध नव्हता.

पण सुळका फार बारीक होता. गरगरणाऱ्या चकतीची रेष पसरट हवी. फार गोड बोलणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं, तशी ती त्या सुळक्याकडे पाहत राहिली.

बाजाराच्या दिवशी ती आपल्या आईसोबत, म्हणजे बायाबाईसोबत, मासोळीच्या दुकानावर काट्याशी बसली. रिकामी टोपली ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग मासोळी तोलायची. गोमाजीभाऊ नेहमीचे गिऱ्हाईक. ते काट्यावर वाकले.

"थांब व पोरी. शून्य केलं कोरड्या टोपलीवर, अन् मासोळी तोलून राहिली वल्ल्या टोपलीत. पाणी मी काहून इकत घेऊ?"

"तुमाले त मासोळीच्या डोयातबी पाणी दिसते, भाऊ," बायाबाई म्हणाली. तिने ओली टोपली रिकामी करून आकडा पुन्हा शून्यावर आणला.

रंजू त्या टोपलीकडे पाहतच राहिली.

आकाशाचाही स्वतःचा मंद उजेड असतो. तो वजा करता यावा म्हणून काही तंतू रिकाम्या आकाशावर रोखलेले असतात. घरी येऊन तिने ते कुठे होते ते शोधलं. सगळे दूर, काळ्या भागात. तारा मात्र मंद चमकणाऱ्या विरळ वायूच्या ढगात. तिने त्याच ढगातल्या शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपट उघडले. प्रत्येकाच्या अंगावर तोच बारीक सुळका. ढगाचा उजेड वजा केला, तशी रेष निमूट खाली बसली. जुन्या दुर्बिणीने ताऱ्यालगतचंच आकाश वजा केलं होतं, म्हणून त्या वर्णपटात सुळका नव्हता.

"चकती नाहीये, मॅडम," तिने फोनवर सांगितलं.

"तू जरा जास्तच संशय घेतेस, रंजू."

"शेजारचे तारे पाहा ना."

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला. पाहिलं. शुक्रवारचं राहू दे.

बायाबाई अंगणात टोपल्या पालथ्या घालत होती. "तुहा तारा गेला काय?"

"तारा आहे माय. त्याच्यावरचं पाणी गेलं. शेजारच्या ताऱ्यांवरही तेच पाणी होतं."

"अन् नाव?"

"नाही येत आता."

शेवटची टोपली झटकून बायाबाईने विचारलं, "अन् थे शेजारचे? त्यायचं तरी खरं आहे काय?"

रंजूने मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला आणि शेजारच्या पहिल्या ताऱ्याचा वर्णपट समोर घेतला.