वरच्या खणाची किल्ली

सत्तरच्या दशकातली, वडूजची एक दुपार... अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा चाळिशीचा, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.

शिक्षण सातवी. पण औषधांच्या खोक्यातला प्रत्येक इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन वाचलेला. कपाटाचे तीन खण मीच लावले होते... खाली सवय न लावणारी औषधं, मधे सवय लावू शकणारी, आणि वर, कुलपात, हमखास सवय लावणारी. प्रत्येक खणाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी. डॉक्टर आल्यागेल्याला ते कपाट दाखवत. मला बरं वाटे, खोटं कशाला बोलू!

त्या आठवड्यात डॉक्टर कामासाठी साताऱ्याला गेले, वरच्या खणाची किल्ली माझ्याकडे देऊन. गावातले एक निवृत्त हवालदार पोटाच्या कॅन्सरनं शेवटाला आले होते. त्यांना दर चार तासांनी मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचं, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं.

मी आठ तासांनी देत होतो. माझ्याच अकलेनं... माणूस औषधाच्या आहारी जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या बायकोचं बोलावणं आलं. जाऊन बघतो तर हवालदारांनी टॉवेल दातांत धरलेला. खाटेची नवार बोटांनी ओढून ओढून उसवलेली.

"आवं कंपाउंडर, सकाळधरनं आसंच चाललंय," बाई म्हणाल्या.

"अजून दोन तास आहेत," मी घड्याळ बघून सांगितलं. "सवय लागेल."

हवालदारांनी तोंडातला टॉवेल काढला.

"सवय? आन् ती लागायला दिस कुठं हायत रं माझ्यापाशी?" आणि चक्क हसले. "लय शिकलास गड्या. आता टोच."

सिरिंज पाच मिनिटं उकळावी लागते. स्टोव्हपाशी बसून मी ती पाच मिनिटं मोजली... त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

इंजेक्शननंतर हळूहळू त्यांची मूठ सुटली. बायकोला म्हणाले, "त्येला च्या कर की."

पुढे ते नऊ दिवस होते. प्रत्येक इंजेक्शन चार तासांनी, मिनिटाचाही फरक नाही.

डॉक्टर परतल्यावर सगळं कबूल केलं. मी कपाटापाशी गेलो आणि वरच्या खणाच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली... 'कोणाला द्यायचे, ते आधी पाहावे.'

अक्षर माझं. शिकवण हवालदारांची.