सासऱ्यांनी उंच केलेली गाडी

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. डोंगर, घाट, पठार हे शब्द रोज तोंडात असतात, पण चाळिशी उलटेपर्यंत फळ्यावर काढलेल्या डोंगरापलीकडे माझी फारशी मजल गेली नव्हती. त्यात मोबाइलवर एक नाद लागला. लोक जुन्या जीपगाड्या घेतात, त्यांना खालून उंच करतात, टपावर कॅरियर बसवतात आणि दगडधोंड्यांतून वर चढवतात. मी ते जेवताना बघायचो. बायकोला वाटलं, बघतो तर बघू दे, त्यात काय बिघडतं. मग एका रविवारी मी छिंदवाड्याच्या एका ठेकेदाराची जुनी फोर-व्हील गाडी घेऊन दारात उभा राहिलो.

गाडीचा आवाज असा होता की टँकर आला समजून शेजारच्या दोघी बादल्या घेऊन बाहेर आल्या.

बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "हिचं काय करून राहिले तुम्ही?"

"डोंगरावर न्यायची."

"कोणत्या?"

भूगोलाच्या मास्तरला याचं उत्तर यायला हवं होतं. मी म्हणालो, "आधी कॅरियर तर बसवू."

बाजारातलं तयार कॅरियर मला नको होतं. व्हिडिओतला प्रत्येक जण ते आपल्या हातानं बनवत होता. आणि वेल्डिंग मशीन आमच्या माहितीत एकाच घरी होती, माझ्या सासुरवाडीला, मोहगावला. सासऱ्यांची संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. ट्रॉलीचा आकडा तुटला, फाटकाची कडी निघाली तर ते कोणाकडे जात नाहीत, गोठ्याजवळच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतः जोडतात.

अडचण मशीनची नव्हती, माझी होती. मी जावई होतो. आमच्याकडे जावई ही काय चीज असते हे मोहगावला गेल्याशिवाय कळायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासरे माझ्यासमोर खाटेवर बसत नसत. मला खुर्ची, त्यांना जमीन. बोलणं म्हणजे "कवा निघाले?" आणि "ऊन लय हाय." तिसरं वाक्य मी अजून ऐकलं नव्हतं. काही सांगायचंच असलं तर ते मुलीकडे बघून सांगायचे. मी शेजारीच बसलेला असायचो.

टपाच्या मापाचा एक नकाशा काढून मी मोहगावला पोचलो. बाह्या वर केल्या आणि मशीनकडे गेलो, तर सासरे आडवे आले. मुलीला म्हणाले, "तुह्या नवऱ्याले सांग, बसा म्हणा. जावयाच्या हाताले काळं लागू देऊ काय आमी?"

मग निंबाच्या सावलीत खुर्ची आली. खुर्चीमागे लांब वायर जोडून टेबलफॅन आला. सासूबाई शेवयांची खीर घेऊन आल्या. आपल्या हातानं कॅरियर बनवणाऱ्या माणसासारखा मी मुळीच दिसत नव्हतो; नवरदेवासारखा बसलो होतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं माझा नकाशा दोनदा उडून गोठ्यात गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा गाईनं कोपरा खाल्ला.

सासऱ्यांना नकाशाची गरजही नव्हती. मी हलके चौकोनी पाइप लिहिले होते. त्यांनी विहिरीच्या मोटरीचे काढून टाकलेले जाड लोखंडी पाइप शोधून आणले. मी सामानापुरती जाळी दाखवली होती. त्यांनी चारी बाजूंनी कठडा लावला.

मी बायकोला हळूच म्हणालो, "जरा जड होईल."

तिनं निरोप पोचवला. उत्तर आलं, "सांग, कॅरियर म्हंजे त्याच्यावर काही ठेवता आलं पायजे. पापड वाळवाले करून राहिलो काय आपन?"

संध्याकाळपर्यंत कॅरियर तयार झालं. ते टपावर चढवायला शेजारचे चौघे बोलवावे लागले. चढवलं, बोल्ट आवळले, आणि सगळ्यांच्या देखत गाडी मागून हळूहळू खाली बसली. म्हैस बसते तशी. मागच्या चाकांवरची मोकळी जागा दिसेनाशी झाली.

मग सासरे मुलीला म्हणाले, "पाटे कमजोर हायेत."

पाटे म्हणजे गाडीच्या बुडाशी, चाकाच्या आसाला बांधलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. त्यावर गाडी झुलते. गाडी उंच करायची तर पाटे बदलायचे किंवा वाढवायचे, हे मला व्हिडिओंमुळे ठाऊक होतं. मी म्हणालो, "एकेक पट्टी वाढवू." सासरे म्हणाले, अर्थात मुलीला, "एकानं काय होते? तीन-तीन टाकू."

पुढच्या रविवारी आम्ही सौंसरच्या भंगारवाल्याकडून पट्ट्या आणल्या. त्या कशाच्या होत्या हे भंगारवाल्यालाही नक्की सांगता येईना. सासऱ्यांनी एकेक उचलून, दगडावर आपटून, कान लावून आवाज ऐकला आणि सहा निवडल्या. मीही एक आपटून ऐकली. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

या वेळी मी खुर्चीवर बसायला साफ नकार दिला. "मामाजी, मी हात लावणार." ते अस्वस्थ झाले, पण पाहुण्याला नाही तरी किती वेळा म्हणणार? मग काम सुरू झालं ते असं: गाडीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते, आणि मध्ये पाटीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली माझी बायको.

"तुह्या नवऱ्याले सांग, पाना उलटा धरला."

"अहो, पाना उलटा धरला."

"ऐकलं मी."

"बाबा, ऐकलं म्हणून राहिले."

"मंग सुलटा धरा म्हणा."

अर्धा तास हे चाललं. मग ती पाटी घेऊन उठली. "मी काय टेलिफोन हाय काय? बोला एकमेकाशी, नाहीतर गाडी तशीच राहू द्या." आणि ती घरात निघून गेली.

आता आम्ही दोघंच उरलो. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मधे बोलायला कोणी नव्हतं, फक्त खुंट्याला बांधलेला एक गोऱ्हा होता. ते गोऱ्ह्याकडे बघून म्हणाले, "काहून बे, हा नट कोनं इतका ढिला ठेवला असन?"

मी नट आवळला. गोऱ्हा रवंथ करत राहिला.

एका बाजूचे पाटे बसले. दुसऱ्या बाजूला आसाखाली शिरून बोल्ट घालायचा होता. सासऱ्यांचं पोट आड येत होतं, म्हणून मी शिरलो. गाडी मागून जॅकवर होती आणि काढलेलं चाक बाजूला आडवं पडलं होतं. ते चाक सासऱ्यांनी पायानं ढकलून माझ्याशेजारी गाडीखाली सरकवलं. मला वाटलं, आवरून ठेवतायत. सकाळी अंगणात सडा टाकलेला होता आणि जॅक नेमका ओल्या मातीत होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी बोल्टाला नट लावत होतो, तेवढ्यात वरून कर्र असा आवाज आला.

"अबे गधड्या! निघ बाहेर! मरतं काय बे!"

आवाज गोऱ्ह्यासाठी नव्हता. मी लोळत बाहेर आलो, सदरा कुठेतरी अडकून फाटला, आणि गाडी त्या आडव्या चाकावर धप्पकन टेकली. धूळ उडाली. सासऱ्यांनी माझा दंड धरून मला उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, बोटं मोजल्यासारखी पाहिली. 

मग त्यांना आपण काय बोललो ते आठवलं. चेहरा एकदम उतरला. माझा दंड सोडून ते दोन पावलं मागे सरकले आणि घरात गेले.

मी अंगणात उभा राहिलो. आतून कुजबुज ऐकू आली, सासूबाईंचा "अरे बाप्पा!" ऐकू आला, कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळानं सगळे बाहेर आले. सासूबाईंच्या हातात ताट, ताटात कुंकू, नारळ, नवा टॉवेल आणि टोपी. मला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवण्यात आलं. ग्रीसनं काळ्या झालेल्या कपाळावर कुंकू कुठे लावावं हे सासूबाईंना कळेना, शेवटी त्यांनी पदरानं एक रुपयाएवढी जागा पुसून घेतली. सासऱ्यांनी मला टोपी घातली, टॉवेल दिला, आणि मुलीकडे वळून पडलेल्या आवाजात म्हणाले, "तुह्या नवऱ्याले सांग, चुकलं माह्यं. तोंडातून निघून गेलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून होती. हसू आवरत होती की रडू, मला सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "मामाजी, गाडी वरून येत होती. तुम्ही 'जावईबुवा, जरा बाहेर येता काय' म्हणत बसले असते, तर ही टोपी आज कोणाले घातली असती?"

आधी सासऱ्यांचे खांदे हलले. मग ते हसले, असे की गोऱ्हा दचकून उभा राहिला. हसता हसता ते खाली बसायला गेले आणि चुकून खाटेवर बसले, माझ्या बरोबरीनं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि ताट घेऊन आत गेल्या.

त्या दिवशी उरलेले बोल्ट आम्ही जॅकखाली जाड फळी ठेवून लावले. गाडी खाली सोडली तेव्हा ती चांगली वीतभर उंच झाली होती. फक्त दाबून पाहिली तर हलेना. आम्ही दोघांनी मागच्या बंपरवर उभं राहून उड्या मारल्या, तरी हलेना. "मजबूत झाली," सासरे म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी झाल्यावर आम्ही चौघं निघालो. सौंसरच्या पुढे, छिंदवाड्याच्या वाटेवर, घाट लागायच्या आधी उजवीकडे एक गाडीवाट टेकडीवरच्या देवीपर्यंत जाते. बायकोला अखेर डोंगराचं उत्तर मिळालं होतं. सासूबाईंना गाडीत चढता येईना, म्हणून स्वयंपाकघरातला स्टूल सोबत घेतला.

डांबरी रस्त्यावरच कळलं की ही गाडी आता झुलत नाही, फेकते. गतिरोधक आला की मागे बसलेल्या मायलेकी एकदम वर जाऊन टपाला भेटून येत. त्यात वेग वाढला तशी कॅरियरच्या उघड्या पाइपांतून वारा शिरून शिटी वाजायला लागली. आधी एका सुरात, मग दोन. रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं घाईघाईनं ट्रॅक्टर बाजूला घेतला. शेवटी सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली, ओळखीच्या वावरातून थोडा कापूस मागून आणला आणि एकेका पाइपाच्या तोंडात कोंबला.

"त्रास होत नाही ना?" मी मागे विचारलं.

"काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "फक्त मान कुठी हाय ते पाहा."

गाडीवाटेवर अर्ध्यात एक चढ आला. दगडी, वाकडा, अगदी व्हिडिओत असतो तसा. मी गिअर टाकला, गाडी चढली आणि मधेच अडली. उतरून पाहिलं तर मागचं एक चाक हवेत गरगर फिरत होतं. पाटे इतके कडक की चाक खाली यायलाच तयार नव्हतं.

"वजन पायजे मागं," सासरे म्हणाले. "अबे, उभा काय राहिला? गोटे भर."

आम्ही डिकीत गोटे भरले. चाक अजून बोटभर अधांतरी. सासऱ्यांनी विचार केला आणि सासूबाईंना म्हणाले, "तू बस मागं. त्या कोपऱ्यात."

"मी काय गोटा हाय?" सासूबाईंनी डब्याची पिशवी उचलली, लुगडं खोचलं, आणि "चाल वो" म्हणून मुलीला घेऊन पायी वर निघाल्या. त्यांच्या पाठीकडे बघत आम्ही आणखी गोटे भरले. मग चाकांची हवा कमी केली. मग भांडलो. ते म्हणत होते डावीकडून घे, मी म्हणत होतो उजवीकडून. ते खाली उभे राहून "अबे डावीकडं, डावीकडं बे!" ओरडत होते, मी खिडकीतून "मामाजी, तिकडं खड्डा आहे!" ओरडत होतो. शेवटी मी डावीकडून घेतली, खड्ड्यात गेलो, आणि त्या हिसक्यानंच गाडी पुढे निघाली. कोणाचं बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही.

वर पोचलो तेव्हा दोघी दर्शन घेऊन, देवळाच्या पायरीवर फडकं पसरून बसल्या होत्या. त्यांचं अर्धं जेवण झालं होतं.

"कोनत्या रस्त्यानं आले?" सासूबाईंनी विचारलं.

सासरे खाली बसले आणि ठेच्याची वाटी ओढली. खाली संत्र्याच्या बागा, त्यापलीकडे सौंसर, आणि आमच्यामागे सगळ्या टेकडीवर एकमेव, गोट्यांनी भरलेली गाडी. मी खूप वेळ बघत बसलो. फळ्यावर हे कधी नीट काढता आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोन-दोन पट्ट्या काढून टाकायला घेतल्या. मी म्हणालो, "मी तेव्हाच म्हणालो होतो, एकेकच टाकू."

"तू कवा म्हनला?" सासरे गाडीखालून म्हणाले. या वेळी पोट कसंबसं आत घालून तेच शिरले होते.

"इथंच म्हणालो होतो. विचारा तुमच्या मुलीला."

"तिले काहून विचारू? तू सांग न!"

घरातून बायकोचा आवाज आला, "हळू भांडा जरा. रस्त्यावरचे लोक थांबून पाहून राहिले."