दत्तूच्या तीन खुणा

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत डबा उघडत होतो. डबा तसाच बंद केला आणि पुढचे दोन तास घेतले. काय शिकवलं, देव जाणे... दीड महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही.

घोडेगावच्या शाळेत आम्ही एकाच बाकावरचे. त्याच्या घरची मेंढरं, आमची शेती. मी इथेच विज्ञानाचा मास्तर झालो, तो परदेशी प्रयोगशाळेत गेला. नव्वदच्या दशकात सुट्टीवर आला की एसटी स्टँडवर चहा पिताना सांगायचा, "धातूच्या ठोकळ्यावर प्रोटॉनचा मारा करायचा. त्याच्या मागं लोखंडाची जाडजूड भिंत. बाकी समदं तिच्यात अडतं. कशाला सहसा शिवतच न्हाई असा एखादा नवा कण असंल, तर त्यो पल्याड जाईल. आमी पल्याड वाट बघत बसतो."

"कवापासनं?"

"सात वर्सं झाली."

मी पोट धरून हसलो होतो.

मग त्याचं पत्र आलं. भिंतीपलीकडे तीन खुणा दिसल्यात, तपासणी बाकी आहे, कुणाला बोलू नकोस. माझ्या पोटात कुठलं राहायला! त्याला न विचारताच सत्कार ठरवला, मंचरहून पेढे आणले, 'नव्या कणाचे संशोधक' असा फलक रंगवून घेतला. सुट्टीवर आला तो चेहरा पाडूनच. तिन्ही खुणा साध्या, ओळखीच्या कणांच्या निघाल्या होत्या. चूक शोधली होती त्यानेच.

"आज गप ऱ्हा," मी म्हणालो. "मागनं सांग. हितं कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना, भाऊ."

पहिल्या रांगेत त्याचे वडील नवं पागोटं बांधून बसले होते. त्यांच्यासमोर, शाल हातातच धरून तो म्हणाला, "आमाला काय बी सापडलं न्हाई. ह्यो फलक चुकीचा हाय." मागे हशा पिकला. माझं तोंड काळं झालं. मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. पुढे त्याची पत्रं येत राहिली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. राग मला माझाच आला होता, हे त्याला सांगायचं राहून गेलं. त्याचा फार त्रास होतो.

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं मोजमाप काहीही येवो, फळ्यावर मी वर्षानुवर्षं पुस्तकातला नऊ पूर्णांक आठ हाच आकडा लिहीत आलो. परवा आलं नऊ पूर्णांक दोन. सवयीने हात आठ काढायला गेला, आणि थांबला... आलं तेच लिहिलं.

"सर, चुकलं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"चुकलं असेल," मी म्हणालो, आणि तो आकडा पुसला नाही.