सात वाजता तृप्त होणारा देश

समजा, एका अख्ख्या देशाला पुढची तीस वर्षं वीज कुठून मिळणार, हे तुम्हाला ठरवायचं आहे. बसा खुर्चीवर. समोर संगणक, शेजारी निवलेला चहा. आता सांगा, जे मूल अजून जन्मालाही आलेलं नाही, ते वीस वर्षांनी संध्याकाळी सात वाजता घरात शिरून कशाकशाची बटणं दाबणार आहे? त्या वेळी सूर्य मावळलेला, म्हणजे सौर पॅनेलांनी हात वर केलेले. वारा आपल्या मर्जीचा मालक. धरणात पाणी असलं तर असलं. कोळसा जाळावा तर हवेची वाट लागते. अणुभट्टी रात्रंदिवस इमानेइतबारे चालते, धूर सोडत नाही. पण बांधायला आधी पैशांची रास ओतावी लागते, दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि तिचा कचरा नातवंडांच्या नातवंडांना सांभाळायला ठेवावा लागतो. त्यात देश लहान आणि भट्टी मोठी असली, तर एकाच कमावत्या मुलावर सगळं घर चालावं तशी गत. तो अंथरुणाला खिळला की सगळे उपाशी.

घाम फुटला ना? आपल्या या गृहस्थांना फुटत नाही. सगळी नोकरी त्यांनी याच कामात काढली, आणि तरी ते शांत झोपतात. कारण ते स्वतः काहीच ठरवत नाहीत.

म्हणजे ते कामचुकार नव्हेत. त्यांच्या कचेरीचा नियमच तसा आहे. एखादा देश बोलावतो, हे जातात, तिथल्या इंजिनिअरांना हिशेब मांडायला शिकवतात. आकडे त्यांचे, निर्णय त्यांचा. यांनी फक्त दाखवायचं की जर हे केलंत तर असं होईल, जर ते केलंत तर तसं. पाहुण्याने 'हे बांधा' म्हणायचं नाही आणि 'ते नको' असंही म्हणायचं नाही. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला, की कचेरीत त्यांचं नाव 'जरतर' पडलं आणि यथावकाश ते घरीही येऊन राहिलं. हॉटेलात ते वेटरला प्रत्येक पदार्थाचे फायदेतोटे समजावून सांगतात आणि शेवटी बायको दोघांसाठी मागवते.

लग्नाच्या वेळीही हेच झालं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी सरळ विचारलं, मुलगी पसंत आहे ना? जरतर म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा. सासरे उठून चालू लागले होते. सासूबाईंनी त्यांची बाही धरून त्यांना परत बसवलं आणि म्हणाल्या, "याला हो म्हणायला वेळ लागेल. पण म्हणाला की फिरायचा नाही."

त्याच सासूबाईंपायी आता घरात वादळ उठलं होतं.

सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. कोपऱ्यातली खोली त्यांना दिली होती. त्यांचा घराला काडीचा त्रास नव्हता. काय हवं विचारलं, की "मला काही नको." चहा किती? "उरेल तेवढा." थंडीत त्यांच्या खोलीत हीटर ठेवला, तो त्यांनी एकदाही लावला नाही. "आईचं काही नसतं," असं बायको सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

आणि मग एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, की त्यांच्या जुन्या घरातले भाडेकरू जाताहेत, तेव्हा आपण तिकडे परत जावं की काय, असं मनात येतंय. जावईबापूंना काय वाटतं?

जावईबापूंनी चमचा खाली ठेवला. त्यांना असा नीट मांडलेला प्रश्न घरात कधी मिळत नसे. त्यांनी मिठाची बाटली उचलून टेबलाच्या टोकाला ठेवली, हे तुमचं घर. पाण्याचा जग म्हणजे हे घर. मध्ये काकडीच्या चकत्या, म्हणजे दवाखाना, बाजार, ओळखीची माणसं. जर तिकडे गेलात तर स्वातंत्र्य जास्त, जिने जास्त. जर इथे राहिलात तर सोबत जास्त, जागा कमी. अर्धा वेळ तिथे, अर्धा इथे असाही एक पर्याय निघतो. सगळं सांगून झाल्यावर ते समाधानाने म्हणाले, "निर्णय तुमचा, आई."

सासूबाई मिठाच्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार छान समजावलंत." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग काढली.

बायकोने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जरतर दौऱ्यावर निघाले, तेव्हा दारात ती बोलली. "तुम्ही परत याल त्या आठवड्यात आई जाणार. तिला थांबवा. तुम्ही घालवलंय तिला."

"मी? मी तर एका शब्दाने—"

"तेच," बायको म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

विमानात त्यांनी या 'तेच'वर पुष्कळ विचार केला, पण त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

ज्या देशात ते उतरले, तिथल्या वीज खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली होती. तिथे सहा इंजिनिअर त्यांची वाट पाहत होते. त्यांची प्रमुख एक तरुण बाई होती. वयाने सगळ्यांत लहान, पण सगळे तिला ताई म्हणत, कारण ती ओरडायची तशी. शुक्रवारी मंत्री येणार होते आणि तीस वर्षांचा आराखडा त्यांच्यापुढे ठेवायचा होता. अणुभट्टी घ्यायची की नाही, या एकाच गोष्टीत मंत्र्यांना रस होता.

ताईने आकडे भरलेले होते आणि ते नीटनेटके होते. तरी संगणक दर वेळी एकच उत्तर देत होता, की या देशाला फारसं काही नको. थोडे सौर पॅनेल, एक छोटं धरण, बस्स. अणुभट्टीचं तर नावच नको.

"आमचे लोक काटकसरी आहेत, सर," ताई अभिमानाने म्हणाली.

जरतरांनी दिवसभरातल्या विजेच्या वापराचा आलेख पाहिला. सकाळी चढ, दुपारी थोडा उतार, संध्याकाळी झकास चढण, आणि सात वाजता शिखरच गायब. कुणीतरी सुरीने कापल्यासारखा माथा सपाट. रोज, आठवड्याचे सगळे दिवस, सगळे महिने. सात वाजता हा देश एकाएकी तृप्त होत होता. असं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. जेवणाची वेळ असेल? लोक लवकर झोपत असतील? ताईलाही सांगता येईना. ती म्हणाली, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

त्या दिवशी काम लांबलं. ताई साठवणुकीच्या बॅटऱ्यांबद्दल काहीतरी सांगत असताना खोलीत मिट्ट काळोख झाला. तिने वाक्य तोडलं नाही. सहाही जणांचे हात एकाच वेळी खिशात गेले, सहा मोबाईल उजळले, एकाने खिडकी उघडली, दुसऱ्याने थर्मास ज्या जागी ठेवला होता तिथून न बघता उचलला, आणि ताईचं वाक्य बॅटऱ्यांच्या किमतीवर येऊन संपलं.

"काय झालं?" जरतरांनी विचारलं.

"कुठे काय?"

"अहो, दिवे गेले."

"अं? हो," ताई म्हणाली. "सात वाजले."

जरतरांनी अंधारातच तो कापलेला माथा आठवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, की हे भारनियमन किती वर्षं चालू आहे? सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या कुणालाही ते नसल्याचं आठवत नव्हतं. घराघरांत जेवढी वीज पोचली तेवढी मीटरने मोजली होती, आणि या सहा हुशार इंजिनिअरांनी तेवढीच लोकांना हवी होती असं धरलं होतं. संगणक बिचारा काय करणार? त्याला वाटलं, पोटं भरली.

ताईने कपाळाला हात लावला. मग ती भांडायला उठली. नोंदीत जे नाही ते धरायचं कसं? जे कुणी मागितलंच नाही, त्याचा आकडा कुठून आणायचा?

जरतर म्हणाले, जर विचारलं तर कळेल. रीतसर पाहणी नंतर करालच. निदान अंदाज यावा म्हणून आज घरी जाऊन विचारा, की सात वाजता वीज गेली नाही तर तुम्ही काय कराल.

सकाळी उत्तरं आली. एकाचे वडील रात्री पंप चालवणार होते. एकाची बायको दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवणार होती. एकाच्या भावाने एवढी यादी दिली, की त्याच्या एकट्यासाठी वीजकेंद्र बांधावं लागलं असतं. ताईचं तोंड मात्र पडलेलं होतं. तिची आई म्हणाली होती, मला काही नको.

"बघा," ताई म्हणाली, "असतात अशीही माणसं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईच होती. ती सहज विचारत होती, की तशी वीज राहिलीच, तर शिलाईचं मशीन चालेल का? ताईने फोन ठेवला. दुपारी पुन्हा फोन. पंखाही लावला तर फार होईल का? चहाच्या वेळी तिसरा. मशीन कपाटामागे आहे, ते काढायला कुणाला वेळ आहे का? ताई फोन हातात धरून तशीच उभी राहिली. "आमच्याकडे मशीन आहे?" ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

इतर हसले. जरतर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातल्या खोलीतला हीटर आला. एकदाही न लावलेला. उरेल तेवढा चहा आला. घरातल्या सगळ्यांनी कौतुकाने काढलेला तो आलेख आला, सुरीने कापल्यासारखा सपाट.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. बायको म्हणाली, आईने कपाट रिकामं केलंय. त्यांनी विचारलं, "आईंना खरंच जायचंय का?"

"तुम्ही काकडीच्या चकत्या मांडल्यावर ती काय म्हणणार? राहते म्हणणार?" बायकोचा आवाज ओला झाला. "तिला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

त्यांना सांगायचं होतं, की मत देणं योग्य नसतं. इतक्या देशांत त्यांनी कधी दिलं नव्हतं. पण का देत नाही, याचं कारण त्यांना पटकन आठवेना.

ते शुक्रवारी आठवलं. मंत्री आले, खुर्चीत रुतले. ताईने नवा हिशेब मांडला. आता आलेखाला माथा होता, आणि चांगला उंच होता. आधी सूर्य, पाणी आणि साठवण. मग वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं वाढवायचं. ते पुरेसं मोठं झालं, तर पुढे एका लहान अणुभट्टीला जागा निघत होती. त्याआधी कायदे, माणसं आणि कचऱ्याची सोय यांची तयारी आजपासून हवी. नाही झालं, तर दुसरा रस्ता होता, महाग पण चालण्याजोगा.

मंत्र्यांनी ताईचं सगळं ऐकलं आणि जरतरांकडे वळून म्हणाले, "तुम्ही एवढे लांबून आलात. एका शब्दात सांगा. भट्टी बांधू की नको?"

"जर जाळं—"

"जर नको. तुमचं मत."

"माझं मत यात धरत नाहीत, साहेब," जरतर म्हणाले. "मी सोमवारी माझ्या घरी असेन. दिवे गेले तर अंधारात तुम्ही बसणार, आणि कचराही तुमच्याच अंगणात. जो इथे राहणार, त्याने ठरवायचं."

मंत्री कुरकुरले, पण त्यांनी ताईला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ताईने त्यांना अर्धा तास सोडलं नाही. जरतरांचं तिकडे लक्ष नव्हतं. आपलंच वाक्य त्यांच्या कानात घुमत होतं. जो इथे राहणार, त्याने ठरवायचं. आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या शेजारच्या खोलीत कोण राहत होतं?

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाईंची बॅग दाराशी उभी होती. जरतरांनी पायातले बूटही काढले नाहीत.

"आई, जाऊ नका."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि जर गेले तर?"

"जर नाही. तुम्ही इथे राहावं, असं मला वाटतं."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं आणि गडगडत गेलं. बायको दारात आली. सासूबाईंनी उठून जावयाच्या कपाळाला हात लावून पाहिला. "प्रवासात काही खाल्लंत का वेडंवाकडं?"

"नाही."

"मग पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. सासूबाई खाली बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "बघ. वेळ लागेल म्हटलं होतं मी तुझ्या वडिलांना." मग त्यांनी बॅग खोलीत न्यायला जावयालाच लावली.

बॅग ठेवताना त्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला काय हवंय?"

"मला काही नको," सासूबाई म्हणाल्या.

पूर्वी त्यांनी हे उत्तर तसंच नोंदवून घेतलं असतं. आज त्यांनी ते खरं धरलं नाही; ते बाहेर आले आणि दिवाणखान्यात बूट सोडत बसले. स्वयंपाकघरात ओव्हन चालू होता, न्हाणीघरात पाणी तापत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीत कट् असा लहानसा आवाज झाला, आणि पाठोपाठ सगळ्या घराचा फ्यूज उडाला.

"कुणी काय लावलं?" अंधारातून बायको ओरडली.

"मी हीटर," सासूबाईंचा आवाज आला. "थंडी वाजते मला. पहिल्या दिवसापासून."

जरतर एक बूट हातात घेऊन काळोखात हसत उभे राहिले. सगळा हिशेब नव्याने मांडावा लागणार होता, आणि हीटर ही तर नुसती सुरुवात होती. इतक्या दिवसांत या बाईने आणखी काय काय मागितलं नसेल?