गाभण गाईच्या चालीनं

आमच्या घरात कुठलाही बेत निघाला की आधी भांडण होतं, मग डब्यात काय न्यायचं ते ठरतं आणि सगळ्यात शेवटी तारीख. देवणीच्या मागच्या डोंगरातून, मधली घळ ओलांडून, पलीकडच्या वाडीपर्यंत दिवसभर चालत जायचं, हा बेतही त्याच वाटेनं गेला. संक्रांतीला मी लातूरहून आणि धाकटा भाऊ नांदेडहून घरी आलो होतो. दोघंही खुर्चीत बसून बसून सुटलेलो. जाऊ या म्हणालो आणि वाट अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारली.

अप्पांचं पेठेत गुरांच्या पेंडीचं आणि कासऱ्यांचं दुकान आहे. पण तरुणपणी ते देवणी जातीची जनावरं घेऊन याच डोंगरातून पायी उदगीरच्या बाजाराला जायचे. त्यामुळे ते नुसती वाट सांगून थांबतील अशी आशा नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अख्खं वेळापत्रक लिहून आणलं. सातला मारुतीचं देऊळ. साडेआठला पहिला ओढा. तिथं गळ्यातल्या लिंगाची पूजा आणि मग न्याहारी, कारण पूजेशिवाय अप्पा तोंडात घास घालत नाहीत. अकराला मधली घळ, तिथं एक तास मुक्काम. चारला वाडी.

भावानं मोबाईलवर नकाशा उघडला. “अप्पा, सगळं मिळून नऊ किलोमीटर हाय. अडीच तासांचं काम. तुम्ही नऊ तास कशाला लावून राहिलात?”

“मी चाललोय तिथून. तुझा मोबाईल चाललाय का?”

“पण नऊ तास?”

“गाभण गाय संगं असली की एवढाच वेळ लागतो,” अप्पा शांतपणे म्हणाले.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. अप्पांना ती वाट दुसऱ्या कुठल्या मापानं ठाऊकच नव्हती. कळपात एखादी गाभण गाय असली की सगळ्यांनी तिच्या चालीनं चालायचं, ती थांबली की थांबायचं आणि पाण्यावर तासभर रवंथ करू द्यायचं, अशी त्यांची रीत. माणसांच्या सहलीलाही त्यांनी तीच लावली होती. भावानं लगेच स्वतःचं वेळापत्रक केलं. घळीत दहा मिनिटं, फोटोपुरती. मी त्याच्या बाजूनं उभी राहिले, हे कबूल करते. वाटेत कुठं थांबायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं, घरातले सगळे त्यावरून मला चिडवतात.

आई, आमची अव्वा, कोपऱ्यात तीळ निवडत होती. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, “या कागदातल्या चालीनं जाणार असाल तर म्या बी येते.”

“अव्वा, ते डोंगर हाय. जिना नव्हं,” भाऊ म्हणाला.

“डॉक्टरनं सावकाश चाल म्हणलंय. बसून ऱ्हा न्हाई म्हणलं.”

तिला का यायचं ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं अप्पा बाजाराहून परतताना मधल्या घळीतली बोरं उपरण्यात बांधून आणायचे. गावरान, बारकी, पण एकूण एक गोड. ते झाड बघायचं तिनं कितीदा बोलून दाखवलं होतं. आधी आम्ही लहान होतो, मग दुकान वाढलं, मग गुडघे गेले. या वर्षी राहिलं तर कायमचं राहील, हे तिला कळत होतं आणि आम्हाला कळत असून आम्ही दहा मिनिटं धरून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

“अप्पांचाच कागद ठेव,” मी भावाला म्हणाले.

मग मात्र तयारीला जोर आला. घळीपर्यंत बैलगाडीची जुनी वाट येते असं कळलं, तेव्हा भावानं वाडीतल्या मित्राला जीप घेऊन तिथं थांबायला सांगितलं, लागलीच तर असावी म्हणून. अव्वाला खाली बसता येत नाही, म्हणून दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल भावाच्या पाठीवर बांधायचं ठरलं. धपाटी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा. अव्वा आठवडाभर रोज गच्चीवर चढउतार करत होती. पुढच्या रविवारी निघालो तेव्हा वाळल्या कुसळांनी साड्या-पँटी भरून गेल्या आणि भावाच्या पाठीवरचं लाल स्टूल बघून वाटेतला एक मेंढपाळ पोटभर हसला.

आम्ही घळीत पोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. भावानं दोनदा घड्याळ बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. काळ्या खडकांच्या मधोमध, पाण्याच्या डबक्याशी, ते बोरीचं झाड होतं. वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरंच लहान. अव्वा स्टुलावर बसली. मी झाड हलवून ओंजळभर बोरं तिच्या पदरात टाकली. तिनं एक खाल्लं, तोंड वाकडं केलं, दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं.

“अहो, झाड हेच का?”

“हेच.”

“लई आंबट हायती. दहातलं एक गोड निघंना. तुम्ही आणायचा ती तर सगळी गोड असायची.”

अप्पा डबक्याकडे बघत म्हणाले, “जनावरं तासभर रवंथ करायची. मला दुसरं काय काम होतं? निवडत बसायचो.”

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावं कळेना. अव्वानं पदरातली बोरं खाली ओतली, पदर झटकला आणि तो पुन्हा पसरून धरला.

“मग आज बी तास हायच की,” ती म्हणाली. “निवडा.”

अप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते झाडाखाली वाकले.